नटरंग आणि आमचे मामा

'नटरंग' सिनेमा २०१० सालच्या जानेवारीत आला. त्याच महिन्यात मी कांदा घेऊन नगरला गेलो होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला अजून नगरच येतं.) लिलाव झाला, पट्टी हातात पडली. शेवगावच्या गाडीला वेळ होता. बरोबरचे दोघं म्हणाले, "चला, तमाशाचं पिच्चर लागलंय. लई गर्दी करतंय म्हणं." मी नको म्हणत होतो. तमाशाचा सिनेमा म्हणलं की आमच्या घरात एक जुनं दुखणं उठतं. पण दोघांपुढं एकाचं काय चालणार, गेलो.

मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. दहावी शिकलो आणि औताला लागलो. पण तमाशातला नाच्या हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून या सिनेमाबद्दल दोन गोष्टी बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. आमचे मामा, आईचे सख्खे धाकटे भाऊ, वीस-बावीस वर्षं तमाशाच्या फडात नाच्या होते. त्यांचं नाव मी इथं घालत नाही. त्यांची नातवंडं आता चांगल्या नोकरीला आहेत आणि त्यांना ते आवडायचं नाही. हेही एक दुखणंच.

सिनेमाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधवांनी तो काढला. कागलचा गुणा, पैलवान गडी, मळ्यात रोजंदारीनं राबणारा, तमाशाचं भलतं वेड असलेला. मालकाच्या विहिरीवर मोटर बसते, गड्यांचं काम जातं. मग हे सगळे मिळून फड काढायचा घाट घालतात. वग गुणाच लिहितो, राजाची भूमिका आपण करायची असं त्याच्या मनात. पण नाचणारी बाई म्हणते, फडात नाच्या पाहिजे. कुणीच तयार होत नाही, म्हणून गुणा स्वतः नाच्या होतो. तिथून त्याची घसरण. बायको-पोर दुरावतं, गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, त्याच्यावर अत्याचार होतो. शेवटी म्हातारपणी त्याला जीवनगौरव मिळतो.

यातली मोटरची गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही, पण मला ती सगळ्यात खरी वाटली. आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे विहिरींवर आधी तेलाची इंजिनं आली, मागून वीज आली. मोट गेली, नाडा-सौंदर माळवदावर जाऊन पडलं, उंदरांनी खाल्लं. मोट हाकणारा गडी दिवसभर धावेवर बैलांच्या मागं गाणं म्हणायचा. गाणं थांबलं तर बैल थांबत, असं म्हणायचे. म्हणजे मोट गेली तेव्हा गड्याची रोजीही गेली आणि गाणं म्हणायची जागाही गेली. दोन्ही गेल्यावर तो माणूस फडाकडं वळला यात नवल काही नाही. आनंद यादव हे कागलच्याच मळ्यात राबून मोठे झालेले, त्यांची 'झोंबी' वाचलेल्यांना हे सांगायला नको. पुस्तकी माणसाला ही मोटर दिसली नसती.

आमचे मामाही मोटेवरचेच. गळा गोड, अंग सडपातळ, उंची बेताची. पैलवानकीचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता.

आता तक्रार सांगतो. थेटरात गुणा पहिल्यांदा नाच्या होऊन बोर्डावर येतो, कंबर उडवतो, हाताची बोटं नाचवतो, तेव्हा सगळं थेटर हसलं. माझ्या बरोबरचे दोघं तर एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होते. पुढं त्याच गुणाची विटंबना झाली तेव्हा तेच थेटर एकदम गार पडलं. पुढच्या रांगेतला एक जण कण्हल्यासारखा आवाज काढून उठून गेला. हे दिग्दर्शकानं साधलं, त्याला मानलं पाहिजे. आधी हसवायचं आणि मग हसल्याची लाज वाटू द्यायची. अतुल कुलकर्णींनी गुणाचं काम जीव ओतून केलं. पैलवानाचं अंग कमावलं आणि नाच्यासाठी तेच अंग उतरवलं. त्यांचे डोळे मला महिनाभर आठवत होते.

पण ती चाल! ती चाल बाईची नाही. आमच्या शेवगाव-पाथर्डीकडं कुठलीच बाई तशी चालत नाही. डोक्यावर दोन हंडे आणि काखेत पोर घेतलेली बाई कंबर उडवील कशी? ती चाल सिनेमातल्या नाच्याची आहे, आणि मराठी सिनेमात ती गणपत पाटलांनी रुजवली. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता' अशा तमाशापटांतून त्यांनी नाच्या असा काही उभा केला की पुढं नाच्या म्हणलं की तेच डोळ्यापुढं यायला लागले. त्यांचं ते 'आत्ता गं बया' आमच्या शाळेतली पोरं एकमेकांना चिडवायला वापरायची. मला तर हमखास. पाटील कोल्हापूरचे, संसारी, लेकराबाळांचे धनी. पण लोकांनी पडद्यावरचं सोंग खरं धरलं आणि त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांना सोसावा लागला, मुलांची लग्नं जमायला अडचणी आल्या. २००८ साली ते गेले. त्यांच्या कलेला माझा नमस्कार आहे. पण त्यांच्या नाच्यात प्रेक्षक बाईला हसत होता आणि बाईसारख्या पुरुषालाही हसत होता, हे खोटं नाही.

मामांचं काम वेगळं होतं. ते मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून जवळून पाहिलंय. तमाशात गण झाला की गवळण असते. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि गवळणींच्या बरोबर एक मावशी असते. ही मावशी पुरुषानंच करायची, अशी चालत आलेली रीत. मामांची मावशी म्हणजे हुबेहूब आमची आजी. खुरपणीला दिवसभर बसून उठलेली बाई पहिली चार पावलं कशी टाकते, एक हात गुडघ्यावर आणि एक कमरेवर, तसं ते चालत. मग हळूहळू गुडघे मोकळे होत आणि चाल सरळ होई. पीठ मळणारी बाई घाम तळहातानं पुसत नाही, मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसते. मामा बोर्डावर तसाच घाम पुसायचे. बाया मागं बसलेल्या असायच्या, पदर तोंडाला लावून. त्या एवढ्या हसायच्या की पुरुष वळून बघायचे, यांना झालंय काय म्हणून. आपलीच सासू, आपलीच आई समोर पाहून त्या हसत होत्या.

एकदा बोधेगावच्या यात्रेत मी त्यांच्या राहुटीत जाऊन बसलो होतो. दाढी करून झाली, परत उलट्या अंगानं पातं फिरवलं. चेहऱ्याला रंग लावला, गंगावन घालून अंबाडा बांधला. मग नऊवारी. पुरुषाच्या कमरेला नऊवारी टिकत नाही, घसरते, म्हणून आधी करदोट्याच्या वर सुती दोरी घट्ट आवळायची आणि तिच्यात निऱ्या खोचायच्या. शेवटी पायात चाळ. चाळ बांधायच्या आधी ते हातात घेऊन कपाळाला लावले. मी विचारलं, "मामा, जड नाही का लागत?" तर म्हणाले, "पहिल्या घटकाभर लागत्यात. मंग काढल्यावर पाय हालके लागत्यात, तेच वंगाळ वाटतं."

'नटरंग'मध्ये हे नाही. गुणाला नाच्या व्हावं लागतं, नाइलाजानं. सिनेमाचं सगळं दुःख त्या नाइलाजावर उभं आहे. राजा व्हायचं होतं, नाच्या झाला. मामांचा नाइलाज नव्हता. फडात त्यांना ढोलकी शिकायला सांगितलं होतं, सोंगाड्याचं कामही मिळत होतं. त्यांनी हेच धरलं, कारण हेच त्यांना येत होतं आणि आवडत होतं. आपल्याला चांगलं जमणारं काम माणूस करतो, त्यात पडती वेळ कुठून आली? सिनेमानं हा प्रश्न विचारलाच नाही. उलट गुणाला आधी पैलवान दाखवून घेतलं. म्हणजे प्रेक्षकाची खात्री पटावी की बाबांनो, हा गडी अस्सल मर्द आहे, याची कीव करायला हरकत नाही. मग जो पैलवान नाही, ज्याचा आवाज मुळातच बारीक आहे, ज्याला लहानपणापासून साडीचोळीचं वेड आहे, त्याची कीव करायची का नाही? त्याच्यावर अत्याचार झाला तर थेटर गार पडलं असतं का? मला शंका आहे.

आणि एक. नाच्या म्हणलं की आपण समजतो हा काहीतरी कमी माणूस. पण पूर्वी तमाशात नाचणारी पोरंच असायची. आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा पट्ठे बापूरावांच्या जोडीनं बोर्डावर उभी राहिली आणि गाजली, ती तमाशातली पहिली नामांकित बाई समजतात. तिच्या आधी बाईचं सगळं काम पुरुषाच्याच अंगावर होतं. तिकडं नाटकात बालगंधर्व झाले. बड्या घरच्या बाया त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. रवी जाधवांनीच 'नटरंग'च्या पुढच्या वर्षी त्यांच्यावरही सिनेमा काढला. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघा. दोघंही पुरुष, दोघंही साडी नेसणारे. एकाच्या साडीला शालू म्हणायचं आणि दुसऱ्याच्या साडीला शिट्ट्या मारायच्या. नाटक कुणी करायचं आणि तमाशा कुणी करायचा हे जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं, त्यातच याचं बरंचसं उत्तर आहे.

उलटंही आहे. संगमनेरच्या कांताबाई सातारकर बोर्डावर शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या. बाई असून. मी पाहिलंय, त्या आल्या की कनातीत चिडीचूप. बाईनं पुरुष व्हावं तर ती वर चढली, पुरुषानं बाई व्हावं तर तो खाली उतरला. असं का, म्हणून विचारलं तर कुणी सरळ बोलत नाही. ज्याच्या त्याच्या घरात आई आहे, बहीण आहे.

पण सगळ्यात मोठी गंमत आमच्या गावातच होती. पैठण आमच्यापासून लांब नाही. नाथमहाराजांची भारुडं आमच्याकडं घरोघर पाठ. गावच्या सप्त्यात सोंगी भारूड व्हायचं आणि त्यात बाईचं सोंग मामांशिवाय दुसरं कुणी घेत नसे. फडातून सुट्टी काढून ते यायचे. तीच साडी, तोच अंबाडा, तीच गुडघ्यावर हात ठेवून टाकलेली चार पावलं. भारूड संपलं की लोक रांग लावून त्यांच्या पाया पडायचे. त्या रांगेत आमचे दादाही उभे असायचे. सख्ख्या मेव्हण्याच्या पाया पडायचे. का, तर त्या घडीला त्या साडीत नाथांची वाणी होती. आणि चार दिवसांनी तीच साडी यात्रेत नेसली की दादा चारचौघांत त्यांना ओळख दाखवीत नसत.

आता जे लिहितो ते लिहू का नको, असं बरंच दिवस चाललं होतं.

१९७९ साली माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. सोयरे गोदाकाठचे, बागायतदार. सुपारी फुटली आणि आठ दिवसांनी तिकडून निरोप आला. मुलीचा मामा तमाशात नाचतो असं कानावर आलंय, तो मांडवात दिसला तर वऱ्हाड माघारी जाईल. दादांनी रात्रभर विचार केला. आई एका शब्दानं बोलली नाही. सकाळी दादांनी मला बोलावलं. मी दहावी झालेलो, घरातला शिकलेला माणूस. म्हणाले, "जा, मामाला सांगून ये. नीट सांग."

नीट कसं सांगायचं, ते काही सांगितलं नाही. मी सायकलवर गेलो. मामा ओसरीवर चाळाची घुंगरं दुरुस्त करत बसले होते. फडाला सुट्टी होती, चैत्र-वैशाखाच्या मधले चार दिवस मोकळे. मला बघून उठले, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आतून एक पुडकं घेऊन आले. बहिणीला मामाकडची साडी. अंजिरी रंग, बारीक काठ. म्हणाले, "भाच्या, बघ बरं. तिच्या रंगाला हेच शोभन. येवल्याला जाऊन आणलंय." साडीतलं त्यांच्याएवढं कळणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांच्याकडं न बघता घुंगरांकडं बघत होतो. मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आक्काला म्हणावं, मामाला सुपारी हाये त्या दिवशी. लांबची हाये, यायला जमायचं न्हाई." पुडकं त्यांनीच माझ्या सायकलच्या मागं बांधलं, दोरीला दोन गाठी मारल्या.

मांडवात भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. दोन वेळा पुकारलं. मग दादांनी लांबच्या एका चुलतमामाला पुढं ढकललं. आई घरात होती, बाहेर आलीच नाही.

याच जागी मला 'नटरंग'चा शेवट पटत नाही. गुणाला जीवनगौरव मिळतो, दिवे लागतात, टाळ्या होतात, प्रेक्षक डोळे पुसत हलक्या मनानं बाहेर पडतो. झालं ते झालं, शेवटी कलेचं चीज झालं. मामांचं असं काही झालं नाही. सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, त्यासाठी मी त्यांना एकदा एका कचेरीत घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसानं पुरावा मागितला. फोटो, प्रमाणपत्र, पेपरातलं कात्रण. मामांजवळ काय असणार? फडमालक वारलेला, उचलीच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. तो माणूस म्हणाला, "कलावंत होता हे सिद्ध करा." मामांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. त्यांनी चप्पल काढली आणि तिथं टेबलापुढं, एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर ठेवून चार पावलं टाकली. कचेरीतल्या दोन बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या, आणि त्यांतली एक खळखळून हसली. मग पाचवं पाऊल टाकताना मामांना धाप लागली. अर्ज काही पुढं सरकला नाही.

आता मुंबई-पुण्याकडं पुरुषांच्या लावणीचे कार्यक्रम होतात, तिकिटं लावून. शिकलेली पोरं ते करतात आणि आपल्या नावानं करतात, चोरून नाही. नातवानं मोबाइलवर एक दाखवला. पोरगं चांगलं नाचत होतं, अदा होती. माझं एवढंच म्हणणं, त्यानं एकदा चार दिवस कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागं बांधाबांधानं फिरावं. मान आणि पाठ कुठं दुखते ते कळलं की नाचही वेगळा होईल.

'नटरंग' पुढं टीव्हीवर लागला तेव्हा बहीण माहेरी आली होती. तिनं सगळा पाहिला. जाहिराती चालू असताना मला म्हणाली, "आपल्या मामाला माझ्या लग्नात त्या दिवशी कुठली सुपारी होती रे? आईला इचारलं होतं, तिनं सांगितलंच नाही कधी."

तीस वर्षं तिला हेच ठाऊक होतं. मी टीव्ही बंद केला आणि तिला सगळं सांगितलं, सायकल, घुंगरं, पुडक्याच्या दोन गाठी. ती ऐकून उठली आणि चुलीकडं गेली. भाकरी थापायचा आवाज येत राहिला. जरा वेळानं तिथूनच म्हणाली, "ती साडी मी सासरी दोनदाच नेसले. सासूबाई म्हणायच्या, कुणी पसंत केली गं, नजर चांगली हाये. मी सांगायची, मामानं."